रायफल नेमबाजीतील काडतूस

रायफल नेमबाजीतील काडतूस हा गोळी, पुंगळी, दारू आणि प्रज्वलक या चार घटकांपासून बनलेला, एका वेळच्या झाडणीपुरता पूर्ण संच होय. लक्ष्यवेधाच्या क्रीडाप्रकारात रायफल व नेमबाज यांच्याइतकेच महत्त्व काडतुसाला असते, कारण गोळी नळीबाहेर पडल्यानंतर तिच्या मार्गात नेमबाजाला कोणताही बदल करता येत नाही. ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल प्रकारात पॉइंट टू टू (०.२२ इंच) लाँग रायफल हे एकच काडतूस वापरले जाते. ३०० मीटर आणि त्याहून दूरच्या स्पर्धांसाठी अधिक शक्तीची काडतुसे असतात. काही देशांत ही मोठी काडतुसे नेमबाज स्वतः भरतात. या क्रियेस काडतुसाची हातभरणी असे म्हणता येईल.

काडतुसाची निवड आणि हातभरणी यांविषयीचे बरेचसे लेखन अमेरिकेतील व युरोपातील परिस्थितीवर आधारलेले आहे. तेथे वैध असलेल्या अनेक गोष्टी भारतात परवान्याशिवाय गुन्हा ठरतात. त्यामुळे या विषयाची तांत्रिक बाजू आणि भारतीय कायद्याची चौकट या दोन्ही एकत्र समजून घेणे आवश्यक ठरते.

रचना

काडतुसाचे बाह्य आवरण म्हणजे पुंगळी. ती बहुधा पितळेची असते. पितळ लवचिक असल्यामुळे झाडणीच्या क्षणी पुंगळी फुगून कोठीच्या भिंतीला घट्ट चिकटते व तप्त वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरताच ती किंचित आकसते आणि सहज बाहेर काढता येते. पुंगळीच्या तोंडात गोळी बसवलेली असते आणि आत धूररहित दारू असते. चाप ओढल्यावर आघातपिन प्रज्वलकावर आदळते, प्रज्वलकातील संवेदनशील रसायन पेटते आणि त्याची ज्वाला दारूपर्यंत पोहोचते.

धूररहित दारूचा शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्ये लावला. त्यापूर्वी वापरात असलेल्या काळ्या दारूपेक्षा तिची शक्ती कितीतरी अधिक होती. बंद पुंगळीत ही दारू स्फोटक पदार्थाप्रमाणे एका क्षणात फुटत नाही, तर वेगाने परंतु क्रमाने जळते. तिच्या दाण्यांचा आकार व लेप यांवर जळण्याचा वेग ठरतो. हा वेग पुंगळीच्या आकारमानाशी आणि गोळीच्या वजनाशी जुळला नाही, तर दाब धोकादायक पातळीवर जातो.

गोळीचे आणि दारूचे वजन जगभर ‘ग्रेन’ या जुन्या एककात सांगण्याची प्रथा आहे. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम.

प्रज्वलनाचे दोन प्रकार

प्रज्वलकाच्या जागेवरून काडतुसांचे दोन मुख्य प्रकार पडतात.

रिमफायर काडतुसात प्रज्वलक रसायन पुंगळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ कडेत भरलेले असते. आघातपिन ही कड चेपते व काडतूस पेटते. पॉइंट टू टू लाँग रायफल हे या प्रकारातील सर्वांत प्रचलित काडतूस अमेरिकेतील जे. स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये आणले. त्याची एकूण लांबी सुमारे २५ मि.मी. असून गोळी शिशाची व साधारणतः ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम वजनाची असते. एकदा चेपलेली कड पूर्ववत करून तीत नव्याने रसायन भरणे व्यवहार्य नसते. म्हणून रिमफायर काडतुसाची हातभरणी होत नाही.

सेंटरफायर काडतुसात प्रज्वलक म्हणजे पुंगळीच्या बुडाच्या मध्यभागी बसवलेली स्वतंत्र धातूची टोपी असते. ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकन संशोधक हायरम बर्डन या दोघांनी १८६० च्या दशकात तिच्या दोन वेगवेगळ्या रचना केल्या. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीत मध्यभागी एकच ज्वालाछिद्र असते, त्यामुळे वापरलेली टोपी सळईने ढकलून काढता येते. बर्डन पद्धतीत सामान्यतः दोन छोटी छिद्रे असतात व टोपी काढणे त्रासाचे होते. हातभरणीसाठी बॉक्सर पद्धतीची पुंगळी पसंत केली जाते, त्याचे कारण हेच आहे.

निवडीचे निकष

स्पर्धेचा नियम हा पहिला निकष आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानुसार ५० मीटर प्रकारात ५.६ मि.मी. व्यासाचे रिमफायर लाँग रायफल काडतूसच चालते आणि गोळी शिशाची किंवा तशाच मऊ पदार्थाची असावी लागते. ३०० मीटर प्रकारात ८ मि.मी. पर्यंतच्या व्यासाचे सेंटरफायर काडतूस चालते.

दुसरा निकष वेगाचा. वेगवान गोळी अधिक अचूक असते, हा समज ५० मीटर अंतरावर खरा ठरत नाही. हवेतील ध्वनीचा वेग १५ अंश सेल्सियस तापमानाला सेकंदाला सुमारे ३४० मीटर आणि ३० अंशांना सुमारे ३५० मीटर असतो. ध्वनीपेक्षा वेगाने निघालेली गोळी वाटेत मंदावून ध्वनीच्या वेगाखाली येते, तेव्हा तिच्याभोवतीच्या हवेच्या दाबाची मांडणी बदलते व गोळी किंचित डळमळते. लक्ष्यवेधाची रिमफायर काडतुसे म्हणूनच सेकंदाला ३२० ते ३३० मीटरच्या आसपास वेग ठेवून बनवतात. त्यांची गोळी प्रारंभापासूनच ध्वनीच्या वेगाखाली राहते.

तिसरा निकष नळीतील पेचाचा. नळीच्या आतील सर्पिल खाचांमुळे गोळीला फिरकी मिळते व तिचे टोक पुढेच राहते. लांब गोळीला स्थिर राहण्यासाठी अधिक फिरकी लागते. लाँग रायफल काडतुसाच्या नळीत साधारणतः १६ इंचांत एक फेरा असतो. पॉइंट टू टू थ्री (०.२२३) रेमिंग्टन या सेंटरफायर काडतुसाच्या नळ्यांत हलक्या गोळीसाठी १२ इंचांत एक, तर लांब व जड गोळीसाठी ७ इंचांत एक असे फेरे आढळतात. नळीचा पेच न पाहता निवडलेली गोळी महाग असली तरी लक्ष्यावर विखुरते.

याशिवाय वाऱ्याचा परिणाम, धक्का, नळीची झीज, उपलब्धता आणि किंमत हेही विचारात घ्यावे लागतात. अनेक तास सराव करणाऱ्या खेळाडूच्या दृष्टीने कमी धक्का ही चैन नसून आवश्यकता असते. खांद्याला धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढताना हात आधीच आखडतो.

वेगातील फरक आणि गुण

काडतुसांच्या एकसारखेपणाला एवढे महत्त्व का, हे साध्या गणिताने समजते. ५० मीटरच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मि.मी. असतो आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ सर्व बाजूंनी ८ मि.मी. ने मोठे होत जाते. सरासरी ३१० मीटर प्रति सेकंद वेगाने जाणाऱ्या गोळीला हे अंतर कापण्यास ०.१६१ सेकंद लागतात व तेवढ्या काळात ती गुरुत्वाकर्षणाने सुमारे १२८ मि.मी. खाली येते. दुसऱ्या गोळीचा सरासरी वेग ३०० मीटर असेल, तर तिला ०.१६७ सेकंद लागतात व ती सुमारे १३६ मि.मी. खाली येते. नेम तोच, हात तोच; परंतु केवळ वेगातील १० मीटरच्या फरकाने दोन गोळ्यांत ८ ते ९ मि.मी. अंतर पडते, म्हणजेच एक पूर्ण गुण जातो. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. तेथे ०.८ मि.मी. चा फरकही ०.१ गुणाचा असतो.

प्रत्यक्षात नळीच्या कंपनामुळे हे गणित थोडे बदलते. झाडणीच्या वेळी नळी छडीसारखी थरथरते आणि गोळी बाहेर पडण्याच्या क्षणी तिचे तोंड किंचित वर किंवा खाली असते. एखादे काडतूस एका रायफलीत उत्तम व दुसरीत सामान्य ठरते, त्यामागे हे कंपन, कोठीची मोजमापे आणि नळीचा आतील पृष्ठभाग ही कारणे असतात.

लॉट चाचणी

रिमफायर काडतूस स्वतः भरता येत नसल्याने नेमबाजाच्या हाती निवडीचाच मार्ग उरतो. ब्रिटनमधील इली, फिनलंडमधील लापुआ आणि जर्मनीतील आरडब्ल्यूएस या उत्पादकांची काडतुसे आंतरराष्ट्रीय स्पर्धांत प्रामुख्याने दिसतात. एकाच नावाच्या काडतुसांतही प्रत्येक उत्पादनगटाचा, म्हणजे लॉटचा, क्रमांक वेगळा असतो. दारू, शिसे, मेणाचा लेप व यंत्रांची जुळणी यांतील सूक्ष्म फरकांमुळे दोन लॉट सारखे वागत नाहीत.

लॉट चाचणीत रायफल किंवा तिची नळी पक्क्या शिकंज्यात बसवतात, जेणेकरून नेमबाजाचा हात व श्वास यांचा परिणाम राहू नये. प्रत्येक लॉटमधील काही काडतुसे ५० मीटरवर झाडून गोळ्यांचा समूह मोजला जातो. गोळीची कड दहाच्या वर्तुळाला स्पर्श झाली तरी दहा गुण मिळतात. गोळीचा व्यास ५.६ मि.मी. असल्यामुळे तिचे केंद्र लक्ष्याच्या मध्यापासून ८ मि.मी. च्या आत असावे लागते. ज्या लॉटचा समूह शिकंज्यातच या मर्यादेजवळ पसरतो, त्या लॉटने माणसाच्या हातून सलग दहा मिळण्याची आशा नसते. योग्य लॉट सापडला की खेळाडू शक्य तेवढा साठा त्याच लॉटचा घेतात. सहकाऱ्याला लाभलेला लॉट आपल्या रायफलीला लाभेलच असे नाही. प्रत्येक नळीची चाचणी स्वतंत्रपणेच करावी लागते.

हातभरणी

सेंटरफायर काडतुसाची पुंगळी अनेकदा वापरता येते. या गुणावर हातभरणीचे तंत्र उभे आहे. खर्च वाचवणे हा तिचा एक हेतू, तर आपल्या नळीला अनुरूप व एकसारखी काडतुसे मिळवणे हा दुसरा. नेमबाज ज्या देशांत कायद्याने हातभरणी करू शकतात, तेथे तिचा क्रम साधारण पुढीलप्रमाणे असतो. वापरलेली पुंगळी स्वच्छ करून तिला तडे गेले आहेत का ते पाहतात. साच्यात दाबून तिचा मूळ आकार परत आणतात व जुनी टोपी काढतात. लांबी वाढली असल्यास तोंड कापून ठरलेल्या मापाला आणतात. नवी टोपी बसवतात, तोलून घेतलेली दारू ओततात आणि शेवटी गोळी ठरावीक खोलीपर्यंत बसवतात.

यातील प्रत्येक पायरीवर चूक महागात पडू शकते. लाँग रायफल काडतुसाचा कमाल दाब सुमारे १६५ मेगापास्कल, तर पॉइंट थ्री झीरो एट (०.३०८) विंचेस्टर या काडतुसाचा सुमारे ४२७ मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या चार हजार पटींहून अधिक असतो. एवढा दाब नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर निर्माण होतो. दारूचा प्रकार चुकला, माप दुप्पट पडले किंवा गोळी अधिक खोल बसली, तर कोठी फुटू शकते. उलट दारू घालायची राहून गेली, तर केवळ टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. ते लक्षात न येता पुढची गोळी झाडल्यास नळी फुटते. या कारणासाठी दारूचे प्रमाण केवळ उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यातूनच घ्यावे, ऐकीव माहितीवरून घेऊ नये, असा सर्वत्र मान्य नियम आहे. एका वेळी टेबलावर एकाच प्रकारची दारू ठेवणे हाही असाच नियम आहे.

दूर अंतराची व ‘व्हार्मिंट’ काडतुसे

अमेरिकेत शेतीला उपद्रव देणाऱ्या, बिळे करून राहणाऱ्या लहान प्राण्यांना ‘व्हार्मिंट’ म्हणतात. प्रेअरी डॉग व ग्राउंडहॉग ही त्यांची उदाहरणे. लहान लक्ष्य आणि दूरचे अंतर यांमुळे या नेमबाजीसाठी हलकी, अतिवेगवान व सरळ जाणारी गोळी लागते. ही गोळी आघाताबरोबर फुटून जावी व जमिनीवरून उसळू नये, अशीही अपेक्षा असते. रेमिंग्टन कंपनीने १९५० मध्ये आणलेले पॉइंट टू टू टू (०.२२२) हे माइक वॉकर यांनी रचलेले काडतूस या क्षेत्रात गाजले व लक्ष्यवेधाच्या स्पर्धांतही स्थिरावले. पुढे पॉइंट टू टू थ्री आले व त्याने पहिल्याची जागा बऱ्याच अंशी घेतली. त्याची ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ९५० ते १,००० मीटर वेगाने निघते.

लुई पाल्मिसानो व फेरिस पिंडेल यांचे ६ मि.मी. पीपीसी हे १९७५ चे काडतूस अचूकतेसाठी प्रसिद्ध आहे. आखूड व रुंद पुंगळीत दारू अधिक एकसारखी जळते, या विचाराला त्याने बळ दिले. ३०० मीटर स्पर्धांत लोकप्रिय झालेले ६ मि.मी. बीआर नॉर्मा याच आखूड पुंगळीच्या परंपरेतील आहे.

भारतातील कायदा

भारतात अग्निशस्त्रे व काडतुसे यांचे नियमन शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार होते. काडतूस बाळगण्यास परवाना लागतो आणि किती काडतुसे खरेदी करता येतील याची मर्यादा परवान्यात नमूद असते. काडतुसांची निर्मिती करण्यासाठी वेगळा परवाना आवश्यक आहे. अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसांचे भाग आणि ते तयार करण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश होतो. त्यामुळे परदेशात छंद म्हणून विकत मिळणारी हातभरणीची साधने येथे विनापरवाना बाळगणे किंवा घरी काडतुसे भरणे हा गुन्हा ठरू शकतो. एकवीस वर्षांखालील व्यक्तीस शस्त्र बाळगता येत नाही. प्रशिक्षणासाठी मात्र ठरलेल्या वयानंतर नियमांच्या अधीन राहून शस्त्र वापरण्याची सोय आहे.

महाराष्ट्रात लहान शस्त्रांच्या काडतुसांचे औद्योगिक उत्पादन जुने आहे. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्यात सैन्याच्या रायफलींची काडतुसे तयार होतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत समाविष्ट आहेत.

उपद्रवी प्राणी आणि वन्यजीव कायदा

‘व्हार्मिंट’ नेमबाजीसारखा क्रीडाप्रकार भारतात नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अनुसूचीतील वन्य प्राण्यांची शिकार निषिद्ध आहे. कोकणात वानर, माकडे व रानडुकरे, तर विदर्भ व मराठवाड्यात रानडुकरे व नीलगायी, म्हणजे रोही, उभ्या पिकाचे मोठे नुकसान करतात. शेतकऱ्याची हानी खरी असली, तरी शस्त्राचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याचा परवाना नव्हे. अधिनियमाच्या कलम ११ नुसार विशिष्ट परिस्थितीत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी कारणे देऊन अनुमती देऊ शकतो. कलम ६२ नुसार केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठरावीक क्षेत्रात व ठरावीक काळापुरते उपद्रवी घोषित करू शकते. पिकाच्या हानीबद्दल राज्य शासनाच्या वनविभागाकडे भरपाई मागता येते.

महाराष्ट्रातील नेमबाजी

भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली. तिच्या स्थापनेत लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचा पुढाकार होता. राष्ट्रीय स्पर्धेपूर्वीची अखिल भारतीय स्पर्धा त्यांच्याच नावाने भरते.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात सुवर्णपदक मिळवले. दीपाली देशपांडे यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात भारताचे प्रतिनिधित्व केले व नंतर प्रशिक्षक म्हणून नाव मिळवले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. या प्रकारातील ते भारताचे पहिले ऑलिंपिक पदक होय. गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून अशा तीन स्थितींतील या सर्व झाडणीत लाँग रायफल काडतूसच वापरले जाते.

पुण्याजवळील म्हाळुंगे-बालेवाडी क्रीडासंकुल व मुंबईतील वरळी ही राज्यातील महत्त्वाची सराव केंद्रे आहेत. कामोठे, खांदेश्वर व पनवेल परिसरातील विद्यार्थ्यांसाठी पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांनी स्थापन केलेला लक्ष्य शूटिंग क्लब आहे. नवोदितांचा प्रारंभ बहुधा १० मीटर एअर रायफलने होतो. तीत दारू व काडतूस नसते. दाबलेल्या हवेने ४.५ मि.मी. चा छर्रा सुटतो. नेम, श्वास व चाप यांची शिस्त येथे पक्की झाली की काडतुसाच्या रायफलीकडे वळता येते.

सुरक्षितता व साठवण

लाँग रायफल काडतूस आकाराने लहान असले, तरी त्याची गोळी दीड किलोमीटरहून अधिक दूर जाऊ शकते व तेथेही प्राणघातक ठरू शकते. मान्यताप्राप्त मैदानावर लक्ष्यामागे मातीचा बांध किंवा गोळीरोधक भिंत असते, त्यामागील कारण हेच. उघड्या शेतात, माळावर किंवा टेकडीच्या उतारावर सराव करणे म्हणून धोक्याचे व बेकायदेशीर आहे.

चाप ओढूनही काडतूस न पेटल्यास नळी लक्ष्याकडेच रोखून किमान अर्धा मिनिट थांबावे लागते, कारण दारू काही क्षण उशिरा पेटण्याची शक्यता असते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढील काडतूस न भरता आधी नळी मोकळी असल्याची खात्री करतात. काडतुसे मूळ खोक्यात, कुलूपबंद, कोरड्या व थंड जागी आणि रायफलीपासून वेगळी ठेवली जातात. कोकणपट्टीच्या दमट हवेत पुंगळ्यांवर हिरवट डाग पडले आहेत का, हे पाहणे अगत्याचे असते. खोक्यावरील लॉट क्रमांक जपून ठेवल्यास सदोष काडतुसांचा माग घेता येतो. शिशाची गोळी व प्रज्वलकातील शिशाची संयुगे हातांवर व हवेत राहतात, म्हणून सरावानंतर खाण्यापूर्वी साबणाने हात धुणे आणि बंदिस्त मैदानात पुरेसा वायुवीजनाचा बंदोबस्त असणे, या गोष्टी प्रशिक्षणाचाच भाग मानल्या जातात.